शर्यतीत फोन दुसऱ्या खोलीत, रस्त्यावर मात्र कानात

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ३१. रोज गाडीनं ऑफिसला जातो, जाऊन-येऊन दोन तास जातात. शाळेत असल्यापासून रेसिंग गेम खेळतोय. आता घरी स्टिअरिंग आणि पेडल असलेला पूर्ण सेट आहे आणि आठवड्यातल्या तीन-चार रात्री मित्रांबरोबर ऑनलाइन शर्यती रंगतात. झोपायला दीड-दोन वाजतात, उठतो साडेसहाला. शर्यत चालू असताना फोन मी दुसऱ्या खोलीत ठेवतो, कारण क्षणभर लक्ष गेलं तरी अख्खा लॅप वाया जातो. या सरावानं माझे रिफ्लेक्स चांगले तयार झालेत. आजवर माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही.

गाडी नवी आहे. समोर काही आलं तर स्वतःहून ब्रेक लावते, लेन सुटली तर स्टिअरिंग सावरते. फोन मी कधीच हातात धरत नाही. ब्लूटूथवर बोलतो, ऑफिसचे निम्मे कॉल गाडीतच उरकतात. सिग्नलला थांबलो की तेवढे मेसेज बघून घेतो.

मागच्या महिन्यात बायकोनं सांगून टाकलं की मी चालवणार असेन तर ती आणि आमची सात वर्षांची मुलगी गाडीत बसणार नाहीत. म्हणते, "तू गाडीत असतोस, पण तुझं लक्ष नसतं." आणि या सगळ्याचं मूळ तो गेम आहे, तो विकून टाक. मी एवढी काळजी घेत असताना हे ऐकून फार लागलं. ती उगाच घाबरतेय की माझं खरंच काही चुकतंय?

– एक वाचक

उत्तर

तुम्हाला का लागलं ते समजतं. आपल्या माणसानं मुलीला घेऊन वेगळं जायचं ठरवावं ही लहान गोष्ट नाही. पण प्रश्न तुम्ही सरळ विचारलाय, म्हणून उत्तरही सरळ देते. तुमच्या बायकोच्या भीतीला ठोस कारण आहे. गेमवर तिनं सगळा दोष टाकलाय, तो मात्र चुकीच्या ठिकाणी पडलाय. आणि तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीनं मला सर्वांत जास्त काळजी वाटली, ती तुम्ही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिली आहे: ऑफिसचे निम्मे कॉल गाडीतच उरकतात.

हात मोकळे असले की झालं, असं जवळजवळ सगळेच धरून चालतात. कायद्यांनीही ही समजूत पक्की करून टाकली आहे. बऱ्याच देशांत फोन हातात धरायला बंदी आहे, ब्लूटूथवर बोलायला नाही. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांचे सहकारी विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्यासारखं काम लोकांना दिलं, मधूनच लाल दिवा दाखवला आणि तो दिसताच ब्रेकचं बटण दाबायला सांगितलं. फोनवर बोलणाऱ्यांकडून लाल दिवे चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. जे लाल दिवे त्यांना दिसले, त्यांनाही त्यांनी उशिरा प्रतिसाद दिला. फोन हातात होता की हात मोकळे होते यानं काहीही फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुसतं ऐकण्यानं लक्ष ओढलं जात नाही. संभाषणात समोरच्याचं बोलणं धरून ठेवायचं, उत्तर जुळवायचं, आकडे आठवायचे, त्याच्या आवाजातली नाराजी ओळखायची, हे सगळं मेंदूच्या त्याच साठ्यातून खर्च होतं ज्यातून रस्ता बघायचा असतो.

याच गटानं पुढे आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार महत्त्वाची वाटते. फोनवर बोलणाऱ्यांचे डोळे रस्त्याकडेच होते. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा रस्त्याकडेच्या फलकांवर नजर गेल्याचंही नोंदलं गेलं. नंतर विचारलं तर ते फलक त्यांना ओळखता येईनात. नजर पोचली होती, मेंदूनं नोंद घेतली नव्हती. डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल: चेंडूचे पास मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना पडद्याच्या मधोमध येऊन छाती बडवून गेलेला गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस दिसलाच नाही. तुमची बायको "लक्ष नसतं" म्हणते तेव्हा ती हेच सांगतेय. तिला हे प्रयोग माहीत असायची गरज नाही. ती शेजारी बसून बघतेय की पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागलेत, तुमचे डोळे तिकडेच आहेत आणि तुमचा पाय मात्र हलत नाही.

तुम्ही म्हणाल, मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललं तरी तेच होत असेल. होत नाही, निदान तितकं नाही. २००८ मध्ये याच विद्यापीठात दोन्ही प्रकारच्या गप्पांची तुलना केली गेली. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. वळण आलं की आपोआप थांबतो, रहदारी वाढली की विषय सोडून "अरे, तो बघ" म्हणतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला तुमच्यासमोर काय चाललंय याचा पत्ता नसतो. तुम्ही गर्दीत लेन बदलत असताना तो तिमाहीच्या हिशेबातली चूक विचारत असतो. उत्तराला दोन सेकंद उशीर झाला तर "ऐकतोयस ना?" म्हणतो आणि तुम्ही ऐकू लागता.

आता रिफ्लेक्सचं बघू. तुम्ही त्यावर खूप भिस्त ठेवली आहे, म्हणून थोडा हिशेब मांडते. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. गेमच्या सरावानं तुमची प्रतिक्रिया सेकंदाच्या एक दशांशानं जलद झाली असं धरू. हा फायदा मी सढळ हातानं देतेय. त्यानं तुमची गाडी सुमारे पावणेदोन मीटर आधी थांबेल. कधीतरी तेवढ्यानंही कुणी वाचू शकतं, ते मी नाकारत नाही. पण लक्ष दोन सेकंद कॉलमध्ये गुंतलं तर त्याच वेगानं गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. रिफ्लेक्सनं जे कमावलं त्याच्या जवळपास वीसपट एका वाक्यात गेलं. शिवाय रिफ्लेक्सचं काम धोका दिसल्यानंतर सुरू होतं. जे दिसलंच नाही त्यावर जगातला सर्वांत चपळ माणूसही ब्रेक लावू शकत नाही. वेगाचंही असंच आहे. ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ४० ऐवजी ८० चा वेग असेल तर ते दुप्पट नव्हे, चौपट होतं. आपले हात जलद आहेत असं वाटणारा माणूस नकळत थोडा जास्त वेग ठेवतो, पुढच्या गाडीशी थोडं कमी अंतर ठेवतो, आणि कमावलेलं तिथंच घालवतो. तुमचं असं होतंय का, हे तुम्हीच प्रामाणिकपणे तपासा.

गेमवर मात्र अन्याय नको. व्हिडिओ गेम म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. शॉन ग्रीन आणि डाफ्ने बाव्हेलिए यांनी २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं होतं की जलद ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची डोळ्यांनी टिपण्याची, एकाच वेळी अनेक वस्तूंवर लक्ष ठेवण्याची क्षमता वाढते. आणि रेसिंगमधलं जॅन मार्डेनबरोचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. 'ग्रॅन तुरिस्मो' हा रेसिंग गेम खेळून २०११ ची जीटी अकॅडमी, म्हणजे गेम खेळणाऱ्यांतून खरे शर्यतपटू निवडणारी स्पर्धा, जिंकलेला हा तरुण २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां इथल्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला आणि त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. पण गेम आणि ती शर्यत यांच्यामध्ये खऱ्या गाडीतलं कसून प्रशिक्षण होतं. गेम जिंकला म्हणून कुणी त्याला थेट ल मांला नेलं नाही.

दुसरी बाजूही आहे. जर्मनीतल्या पीटर फिशर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बेदरकार गाडी हाकायला लावणारे रेसिंग गेम खेळल्यानंतर लगेच, विशेषतः पुरुषांमध्ये, रस्त्यावरचा धोका पत्करण्याची तयारी वाढते. हा परिणाम खेळल्यानंतर लगेचचा मोजलेला आहे, तेव्हा रात्री खेळून सकाळी गाडी चालवणाऱ्याला तो तसाच लावता येणार नाही. मला त्याहून मोठा फरक वेगळाच दिसतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला, एकाच हेतूनं जातात आणि सगळ्यांना नियम सारखेच माहीत असतात. रस्त्यावर सात वर्षांचं मूल चेंडूमागे धावतं, म्हातारी व्यक्ती अर्ध्यात थबकते, सायकलवाला खड्डा चुकवायला आत येतो. यांचा अंदाज घ्यायला कुठलाही लॅप शिकवत नाही. तो अंदाज रस्त्याकडे सतत बघत राहिल्यानं येतो.

आणि इथंच तुमच्या पत्रातली सर्वांत आशेची ओळ येते. शर्यत चालू असताना फोन तुम्ही दुसऱ्या खोलीत ठेवता. म्हणजे वेगात असताना लक्ष विभागलं तर काय होतं, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरजच नाही. तुमच्याइतकं ते फार थोड्यांना कळत असेल. शर्यतीतला कुठलाही मित्र "मी हेडसेटवर क्लायंटशी बोलत बोलत खेळतो, हात मोकळेच असतात" म्हणाला, तर तुम्ही त्याला संघात घ्याल का? नाही घेणार. मग जिथं हरलं तर फक्त लॅप जातो तिथं पूर्ण लक्ष, आणि जिथं मुलगी मागच्या सीटवर आहे तिथं निम्मं, ही वाटणी उलटी करा. तुमच्याकडे शिस्त आहेच. ती गाडीत आणायची आहे.

झोपेबद्दल तुमच्या बायकोनं काही म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण गेमचा खरा दोष असेल तर तो इथं आहे. दोनला झोपून साडेसहाला उठणं म्हणजे साडेचार तास. रस्ते-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या एएए फाउंडेशननं २०१६ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आधीच्या २४ तासांत चार ते पाच तासच झोपलेल्या चालकांचा अपघाताचा दर, सात तास किंवा अधिक झोपलेल्यांच्या तुलनेत चौपटीहून जास्त निघाला. अपुऱ्या झोपेत मेंदू काही सेकंदांच्या डुलक्या घेतो आणि त्या घेतल्याचं माणसाला कळतही नाही. ताशी ८० वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर कुणीही न चालवलेली गाडी. त्यातून माणूस जितका थकलेला, तितका त्याचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकतो. "मला काही झोप येत नाहीये" हे वाक्य थकलेल्या माणसाच्या तोंडून पुरावा म्हणून धरता येत नाही. म्हणून शर्यती दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल त्या रात्रींवर न्या. मधल्या वारी खेळायचंच असेल तर लवकर सुरू करून रात्री साडेदहाला खेळ थांबवायचा, हे मित्रांनाही सांगून ठेवा. संघाला आधी सांगितलं की मोडायला जड जातं.

गाडीतल्या यंत्रणांबद्दल माझं मत असं: त्या असाव्यात, बंद करू नयेत आणि त्यांच्या भरवशावर एक मीटरही चालवू नये. स्वतःहून लागणाऱ्या ब्रेकमुळे पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात जवळपास निम्म्यानं घटल्याचं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं मोजलं आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. पण अंधारात रस्ता ओलांडणारा माणूस, मुसळधार पाऊस, चिखलानं झाकलेला कॅमेरा, पुसट झालेले पट्टे यांपुढे त्या गडबडतात, आणि नेमकं तेव्हाच चालकानं त्यांच्यावर सोडून दिलेलं असतं. लेन धरणारी आणि वेग सांभाळणारी यंत्रणा एकत्र चालू असली तरी ती दुसऱ्या पातळीचीच स्वयंचलितता असते, म्हणजे चालकाला फक्त मदत करणारी. त्यात गाडीची जबाबदारी पूर्णपणे चालकाची.

इथं माणसाच्या स्वभावाचीही अडचण आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामाचा अभ्यास करताना दाखवलं की काहीच घडत नसलेल्या गोष्टीकडे लक्ष ठेवायला सांगितलं तर अर्ध्या तासात माणसाच्या चुका वाढू लागतात. स्वतः करण्यापेक्षा दुसरा करतोय त्यावर नजर ठेवणं आपल्याला अवघड जातं. आणि संरक्षण वाढलं की माणूस ते खर्चून टाकतो. म्युनिकमध्ये काही टॅक्सींना एबीएस, म्हणजे जोरात दाबले तरी चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक बसवले, काहींना नाही, आणि दोन्हींकडे लक्ष ठेवलं. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत. ते वळणं अधिक जोरात घेऊ लागले होते. तुमच्या मनात कधी "ब्रेक काय, गाडी लावेल" असा विचार चमकून गेला असेल, तर तोच तो खर्च.

टचस्क्रीनचं थोडक्यात. स्वीडनच्या 'वी बिलेगरे' मासिकानं २०२२ मध्ये ताशी ११० वेगात रेडिओ, तापमान अशी साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. बटणांच्या २००५ च्या जुन्या गाडीत सगळं १० सेकंदांत झालं. सर्वांत वाईट टचस्क्रीनच्या गाडीत ४४ सेकंदांहून जास्त लागले. तेव्हा मार्ग, गाणी, तापमान हे गाडी हलण्याआधी लावून टाका. वाटेत बदलावंसं वाटलं तर राहू द्या. सिग्नलवरचे मेसेजही सोडा. गाडी उभी असली तरी मन मेसेजमध्येच राहतं. आवाजी आज्ञा देऊन झाल्यावर लक्ष पूर्ण परतायला काही गाड्यांत २७ सेकंदांपर्यंत लागल्याचं एएए फाउंडेशनच्याच २०१५ च्या चाचण्यांत दिसलं होतं. हिरवा दिवा लागल्यावरचे पहिले काही सेकंद तर चौकात काही पादचारी अजून रस्ता ओलांडतच असतात.

"आजवर एकही अपघात नाही" यावर तुमचा फार विश्वास आहे. मला तो काढून घ्यावासा वाटतो. अपघात ही मुळात विरळा घडणारी गोष्ट आहे. चुका करूनही वर्षानुवर्षं काही होत नाही, कारण समोरचा सावरतो, मागचा ब्रेक लावतो, पादचारी एक पाऊल मागे घेतो. हे थोडक्यात टळलेले प्रसंग चालकाच्या हिशेबात येतच नाहीत, कारण ज्यामुळे ते ओढवले, त्याच बेध्यानामुळे ते दिसलेले नसतात. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र ते सगळे दिसतात. तुमच्या घरात त्या प्रसंगांची नोंद एकाच व्यक्तीकडे आहे आणि तिनं गाडीत बसायला नकार दिलाय. जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात आणि ५ ते २९ या वयातल्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात हेच आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमची मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या आईची भीती उगाच म्हणता येत नाही.

मग करायचं काय? कॉलपासून सुरुवात करा, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथं आहे आणि सर्वांत जास्त अवघडही तेच जाईल. ऑफिसात स्पष्ट सांगा की प्रवासाच्या वेळात तुम्ही फोनवर मिळणार नाही. साहेबांना पटवावं लागेल, एखादा तोंड वाकडं करेल. करू दे. फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, तो गाडीशी जोडला जाताच आपोआप सुरू होईल असा लावा आणि समोरच्याला "गाडी चालवतोय, पोचल्यावर फोन करतो" असं उत्तर जाऊ द्या. खरोखर निकडीचं काही असेल तर सुरक्षित जागी गाडी थांबवून बोला. मला खात्री आहे, तुमच्या निम्म्या कॉलपैकी फार थोडे थांबण्याइतके निकडीचे निघतील. मग बाकीचे चालत्या गाडीत घेण्याइतके तरी निकडीचे कसे? आणि फोन डॅशबोर्डवर ठेवू नका. शर्यतीच्या वेळी ठेवता तसा नजरेआड, मागच्या सीटवरच्या बॅगेत टाका.

बायकोशी बोलायचं ते या सगळ्यानंतर, आधी नाही. हे उत्तर तिच्यासमोर धरून "बघ, गेमचा दोष नाही असं ताईही म्हणतात" असं कृपा करून करू नका. तिला एवढंच विचारा की कुठल्या कुठल्या वेळी ती घाबरली. ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका, "तो माणूसच मध्ये आला होता" असा खुलासा करू नका. पुढच्या आठवड्यांत स्वतः काय बदललंय ते तिला दिसू द्या. तिनं विचारलं तर सांगा. स्टिअरिंगचा सेट विकायची माझ्या मते गरज नाही, पण रात्रीच्या वेळा बदलल्या नाहीत तर तिची मागणी रास्त ठरेल, हेही धरून चाला.

गाडीत परत कधी बसायचं ते तिला ठरवू द्या. पहिल्यांदा कदाचित ती एकटीच येईल, मुलीला न घेता. त्या फेरीत तिनं "हळू" म्हटलं तर आधी वेग कमी करा, कारण नंतर विचारता येईल.